फाटकावरची लाल चादर

आमचं क्वार्टर सबस्टेशनच्या कुंपणाला लागून होतं आणि समोरच खाडीचा धक्का. वडील तिथे ऑपरेटर होते. दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद राहणार असली, की ते सकाळीच सबस्टेशनच्या फाटकाला लाल फडकं बांधत. फेरीबोटीचा तांडेल ते बघून दोन्ही काठांवर बातमी पोचवी. मग गिरणीवर रांग लागे, पाण्याच्या टाक्या भरल्या जात. पुढे मोबाइलवर संदेश येऊ लागले, तरी लोकांचा भरवसा फडक्यावरच राहिला.

वडील गेल्यावर दीड महिन्याने क्वार्टर सोडायचं होतं. त्या सकाळी मी त्यांचे कपडे धुतले. दोरी भरली, म्हणून त्यांची लाल सोलापुरी चादर फाटकावर पसरली आणि पुस्तकं खोक्यात भरायला बसले. भरायची राहिली, वाचतच बसले.

तासाभराने तांडेल हाका मारत आला.

"ताई, आज माझ्या पोरीची हळद हाय, आन आजच लाइट नेता? नव्या सायबाला सांगा काय तरी!"

"काका, लाइट कुठे जातेय?"

"फडकं बांधलं तं एक दिवस जाते. आख्खी चादर बांधली, म्हंजे आठवडाभर नाय का?"

मी फाटकाकडे पाहिलं आणि कळलं. कुंपणावर, फाटकावर काहीही वाळत घालायचं नाही, हा वडिलांचा पहिला नियम. ते आधी रागावले असते, मग हसले असते. मी आधीच हसले. कितीतरी दिवसांनी.

तांडेल मात्र हसेना. "लाइटीबिगर बेंजोचे भोंगे वाजत नाय, म्हनून पलीकडच्या बेंजोवाल्याला मी नको सांगून आलो. बेंजोबिगर हळद कशी लागंल? पोरगी रडते घरात."

"मग परत बोलवा."

"आता माझं आयकंल तो? तुमीच चला. सबस्टेशनवाली म्हनून तुमचं मानंल."

चादर ओढून घेतली आणि तशीच बोटीत चढले. वडील गेल्यापासून मी खाडी ओलांडली नव्हती. पलीकडच्या काठावर कुणाला दिसू नये म्हणून चादरीची घडी घालून तिच्यावर बसले. तांडेल माझ्याकडे बघून आता कुठे हसला.

"बसा दाबून. परत वर आली तं माझा जावय पलून जाईल."

बेंजोवाल्याने दोनदा विचारलं, "नक्की हाय ना लाइट?" मी वडिलांची शपथ घेतली. तसा तो वाद्यांसकट बोटीत आला.

संध्याकाळी बेंजो इतक्या मोठ्याने वाजला, की वाचणं शक्यच नव्हतं. मी हळदीला गेले. नवरीने माझ्याही गालाला हळद लावली. घरी येऊन मी चादर पुन्हा पाण्यात टाकली. तिला बोटीतला मासळीचा वास लागला होता.