उजव्या बाजूचा आरसा

आमचा ड्रायव्हर आधी मारायचा आणि मग विचारायचा, "लागला काय रे?" समोरच्याने "लागला" म्हटलं की तो मान हलवायचा, खिशातली विडी काढून त्यालाच द्यायचा आणि मोटारीकडे चालू लागायचा. "नाय लागला" म्हणणारा मात्र फसायचा, कारण मग लागेपर्यंत खावं लागे. महाड-पोलादपूर रस्त्यावरच्या गाडीवानांना हे पाठ झालं होतं. त्याने नुसता हात उचलला तरी "लागला, लागला" म्हणून ओरडणारे दोघेतिघे मी स्वतः पाहिले आहेत.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. अशा माणसाला आपण तापट म्हणतो आणि कौतुकाने त्याच्या गोष्टी सांगतो. मीही बरीच वर्षं सांगत होतो. मार खाणारे आपण नसलो की या गोष्टी फार रंगतात.

मी तेव्हा त्या सर्व्हिस मोटारीवर तिकिटं फाडायला होतो. आमच्या शेठची एकच मोटार. सकाळी पोलादपूरहून निघायचं, महाडवरून दासगावच्या बंदरावर उतारू पोचवायचे, त्यांना मुंबईची लाँच गाठून द्यायची आणि दुपारी परत. ड्रायव्हर कशेडीच्या पायथ्याच्या एका वाडीतला. मुंबईला गाड्या धुता धुता चालवायला शिकून आलेला. उंचीने बेताचा, पण पंजा असा की त्यात स्टिअरिंग लहान दिसे. मला तो मास्तर म्हणे आणि माझ्यावर त्याने कधी हात टाकला नाही. एकदा मी सुटे पैसे विसरलो, तेव्हा माझ्या डोक्यावरची टोपी काढून त्याने टोपीला दोन लगावल्या आणि तिलाच विचारलं, "लागला काय गो?"

त्याचा खरा राग गाडीवानांवर. आमच्याकडच्या बैलांना वाट माहीत असते. म्हणून धनी घोंगडी पांघरून गाडीत आडवा होतो आणि बैल रस्त्याच्या मधोमध चालत राहतात. मोटार यायच्या आधी त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. आता मागून भोंगा वाजे, धनी कूस बदले, आणि मग आमचा ड्रायव्हर खाली उतरे.

मोटार आली तेव्हा तिला बाहेर आरसा नव्हता. शेठने तो हौसेने मुंबईहून मागवला. उजव्या बाजूला, पितळी दांडीवर, ताटलीएवढा गोल. बायका उतरल्या की त्यात बघून कुंकू सारखं करत. त्यांना ड्रायव्हर काही बोलत नसे, नंतर फडक्याने काच पुसे एवढंच. पोलादपूरच्या न्हाव्याने एकदा गिऱ्हाईक आणून त्या आरशापुढे बसवलं, तेव्हा न्हावी आणि गिऱ्हाईक दोघांनाही प्रसाद मिळाला. शेठने ताकीद दिली होती की आरसा फुटला तर नवा ड्रायव्हरच्या पगारातून. पगार तीस रुपये, आरसा साडेनऊ.

एका सकाळी पोलादपूरला उतारू चढत होते. शेजारी एक बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीवान जवळच्याच वाडीतला शेतकरी, लोकांचं भात महाडला पोचवणारा. त्याचा एक बैल नवा होता. त्या बैलाला आरशात दुसरा बैल दिसला. त्याने फुरफुर केली, पायाने माती उकरली. सगळे हसले आणि गाडीवान सगळ्यांत जास्त हसला. "सोयरा भेटला त्याला," तो म्हणाला. कासरा ओढावा असं कोणालाही सुचलं नाही, मलाही नाही. बैलाने मान खाली घातली आणि एका धडकेत काच जमिनीवर आली.

ड्रायव्हर चहा टाकून आला. त्याने वाकलेली दांडी पाहिली आणि मला विचारलं, "मास्तर, कितीचा?"

मी कारकून माणूस. "साडेनऊ," मी म्हणालो, "लाँचचं भाडं धरून दहा." त्या वेळी मला गप्प बसता आलं असतं. ते वरचे आठ आणे तर कोणी विचारलेही नव्हते.

"काढ दहा," तो गाडीवानाला म्हणाला.

"डायवरदादा, माज्याकडं दहा आणे पन नाय. मुका जीव हाय तो, त्याला काय समाजतंय?"

कानाखाली आवाज झाला. गाडीवान चाकावर आपटला आणि सावरून उभा राहिला.

"लागला काय रे?"

तो काही बोलला नाही. नुसता ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत राहिला. ड्रायव्हरला वाटलं, मिजास दाखवतोय. त्याने दुसऱ्या कानावर दिली. "लागला काय इचारतोय मी." पुन्हा तेच, ओठांकडे बघणं. तिसऱ्या फटक्याला तो खाली बसला आणि त्याच्या कानातून रक्त येऊन मानेवरून बंडीत उतरलं. मोटारीत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मरंल रे तो." तेव्हा ड्रायव्हर थांबला. विडी द्यायचं मात्र त्याला त्या दिवशी सुचलं नाही. आम्ही वेळेवर निघालो. शेठने पैसे त्याच्या पगारातून कापलेच.

महिन्याभराने रस्त्यात तीच गाडी मधोमध चालली होती. भोंगा वाजवला. बैल कान हलवत चालत राहिले. पुन्हा वाजवला. ड्रायव्हरने शिवी घातली, मोटार चालू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि उतरला. मीही मागोमाग धावलो, कारण हँडल म्हणजे खूनच. गाडीवान झोपलेला नव्हता. ताठ बसून स्वतःशी काही गुणगुणत होता. ड्रायव्हर हातभर अंतरावरून त्याच्या पाठीवर ओरडला. तो गुणगुणतच राहिला.

ड्रायव्हरने हँडल खाली टाकलं आणि त्याच्या खांद्याला हात लावला. गाडीवान वळला, कोण आहे ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कान झाकून पाठीची कमान करून बसला. चाळिशीचा बाप्या माणूस.

महाड आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बहिरा झालाय तो, मास्तर. मी इचारत होतो, त्याला ऐकू येत नव्हता." पहिल्या फटक्याला कानठळ्या बसल्या म्हणून उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून पुढचे दोन बसले. हे त्याला कळलं तसंच मलाही त्याच दिवशी कळलं.

त्यानंतर ती गाडी पुढे दिसली की तो मोटार वीस पावलं मागे उभी करी. उतरून चालत जाई, बैलाचा कासरा धरून गाडी स्वतः कडेला घेई आणि मग परत येई. गाडीवान त्याच्याकडे पाहतसुद्धा नसे. एका वकिलाने एकदा घड्याळ काढून म्हटलं, "बहिऱ्याची ही सेवा रोज चालते का?" वकिलाचं घड्याळ शेतात सापडलं आणि चष्मा सापडलाच नाही. म्हणजे स्वभाव बदलला होता असं समजू नका.

मग एकदा या थांबण्यापायी उतारूंची लाँच चुकली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः स्टँडवर आला आणि सगळ्यांसमोर त्याने ड्रायव्हरला छडीने मारलं. तोंडावर, खांद्यावर, बोटांवर. हा माणूस हात खाली सोडून उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले, शेठ आता मरणार म्हणून. उघडले तेव्हा शेठ धापा टाकत होता.

"पुन्हा त्या गाडीसाठी उतरशील?"

"उतरनार."

"मग जा घरी."

तो गेला. मी त्याच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. मला नोकरी हवी होती.

नवा ड्रायव्हर घाटावरचा होता. मऊ बोलणारा, बैलालाही अहोजाहो करील असा. मी त्याला बहिऱ्या गाडीवानाचं सांगितलं. तो म्हणाला, "शेठनी बजावलंय, जाता-येता कुठंही थांबायचं नाही. भोंगा मोठा वाजवू."

पण आठवड्याभरात आम्हांला वेगळंच दिसलं. ती गाडी चालली होती आणि तिच्या मागे आमचा जुना ड्रायव्हर पायी चालत होता. पहिल्या दिवशी गाडीवानाने त्याच्या तोंडावर चाबूक ओढला, गाल फाटला. हा रक्त पुसून चालत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवसापासून गाडीवानाचा हात थकला असावा. बोलला मात्र तो कधीच नाही. आम्ही आलो की हा हात वर करी, पुढे धावे, गाडी कडेला घेई आणि आमच्याकडे न बघता उभा राही. पोलादपूर ते महाड आणि महाड ते पोलादपूर, रोज. एकदा मी वाकून म्हटलं, "दादा, असं किती दिवस चालणार?" तो म्हणाला, "मास्तर, टाईम चुकंल तुमचा."

ज्या दुपारी ते घडलं तेव्हा आम्ही परत येत होतो. उताराचं वळण, नवी खडी पडलेली. वळताच रिकामी गाडी मधोमध, मागे तो. नव्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण मोटार खडीवरून घसरत चालली. तो आवाज ऐकूनच जुन्या ड्रायव्हरला कळलं असणार की ही आता थांबत नाही. शेजारी भाताचं खाचर होतं. एक उडी मारली असती तर वाचला असता. तो पुढे धावला आणि उघड्या पंजाने उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर एवढ्या जोरात हाणलं की बैल गाडीसकट डावीकडे उसळले. मग मोटार त्याच्यावर गेली.

गाडीवान चाबूक उगारून मागे वळला. "माज्या बैलाला हात लावतोस रे?" इतक्या महिन्यांत तो त्याच्याशी पहिल्यांदा बोलला. मागे उभं कोणीच नव्हतं.

मी आमच्या जुन्या ड्रायव्हरला मोटारीखालून ओढून काढलं तोवर सगळं संपलं होतं. छातीचा पार चेंदा झाला होता. उतारू म्हणाले, मोटारीत घ्या. गाडीवान खाली उतरला, आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाला, "शेठच्या मोटारीत नाय." त्याने आपली घोंगडी गाडीत अंथरली. डोकं त्याने धरलं, पाय मी धरले.

मग गाडी पोलादपूरच्या वाटेला लागली आणि मोटार तिच्या मागे बैलाच्या चालीने येऊ लागली. मी मोटारीत चढलो नाही. दोन्हींच्या मधे चालत राहिलो. तिथे कोणीतरी चालायला हवं होतं.