वासकाका आणि शेणाची पाटी

वासकाकांनी माझं नेमणूकपत्र वाचण्याआधी हुंगून पाहिलं होतं. मी शाळेत शिकवायला बनारसला आले होते आणि रामघाटावरच्या त्यांच्या घरात मला खोली हवी होती. शाई ताजी तर नाही, एवढंच म्हणे त्यांना बघायचं होतं. दूध, भाजी, सुनेचं पत्र, सगळं आधी नाकाशी जाई. "माणसं चांगलीच असतात गं," ते मला सांगत, "पण जांच करून घ्यावी."

रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गंगेपलीकडच्या एका गावातला गोबरगॅस आणि त्यावरचा छोटा जनरेटर सांभाळायला घेतला होता. नव्वदच्या दशकातले दिवस, गावात खांब होते, वीज नव्हती. नियम साधा: सकाळी शेणाची पाटी आणायची, संध्याकाळी घरात एक बल्ब. इंजिनाला डिझेल थोडंसंच लागे, बाकी काम गॅसचं. गाव काकांना पंडितजी म्हणे; गावाला वाटे, पंडितजी चोरून डिझेलच जाळतात. पंडितजींना वाटे, गाव शेणात माती कालवतं. प्रत्येक पाटीत बोटं घालून, चोळून, हुंगून मगच ते ती शेण कालवायच्या कुंडात ओतू देत. रविवारी मी त्यांच्याबरोबर नावेनं जाई, आणि खरं सांगते, मलाही त्या पाट्यांकडे तिरक्या नजरेनं बघायची सवय लागली.

एका वर्षी दिवाळीनंतर गॅस घटला. थंडीत घटतोच, पण इंजिन अर्ध्या तासात धापा टाकू लागलं. काकांनी संशय घेतला तो फुलमतीवर. एकटी बाई, संध्याकाळी बल्बखाली शिलाई करून पोट भरणारी. तिची पाटी सगळ्यांत जड असे आणि तेच तिच्या अंगाशी आलं. "गाय के किरिया, पंडितजी, माटी नाहीं मिलवले हईं," ती गाईची शपथ घेऊन म्हणाली. काकांनी तिची तार तोडली. दिवा तर गेलाच; वर शेणात माती घालणारी कापडही मारत असेल, असं म्हणून बायका आपापली कापडं परत नेऊ लागल्या. मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले, याची मला अजून लाज वाटते.

गॅस मात्र वाढेना. एका रविवारी शेण कालवून झाल्यावर काकांनी बाटली काढली आणि कुंड फिनेलनं खसाखसा धुतलं. सोवळ्यात वाढलेला माणूस. दिवाळीच्या साफसफाईपासून हा त्यांचा रोजचा नेम झाला होता.

"काका, हे पाणी जातं कुठे?" मी विचारलं.

त्यांनी कुंडाच्या भोकाकडे पाहिलं. पाणी सरळ गॅसच्या टाकीत उतरत होतं, आणि ज्या जंतूंनी शेणाचा गॅस करायचा त्यांनाच मारत होतं. गावभर हुंगत फिरणाऱ्या काकांना हे कधी सुचलंच नव्हतं. ते तिथंच खाली बसले.

त्याच दुपारी त्यांनी फिनेल बंद केलं, फुलमतीची तार जोडली आणि चूक आपली होती, असं दारोदार जाऊन सांगितलं. पुढच्या रविवारी ती पाटी घेऊन आली. काकांनी हात जोडले, ओत म्हणाले. ती हलली नाही.

"पहिले जाँच लीं, पंडितजी."

सगळ्यांसमोर काकांनी पाटीत बोटं घातली. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाची पाटी तपासत नसत. फुलमती मात्र तपासल्याशिवाय ओतत नसे. गॅस पुन्हा आला, शिलाईची कापडं आली, तरी दोन वर्षं तिनं ही अट सोडली नाही. मान खाली घालून काका रोज ती पाळत.

मग काका मुलाकडे नाशिकला कायमचे निघाले. शेवटच्या सकाळी फुलमती नेहमीसारखी आली, काका सवयीनं वाकले. तिनं पाटी मागं घेतली.

"आज रहे दीं, पंडितजी," ती म्हणाली आणि स्वतःच कुंडात ओतून मोकळी झाली. काकांनी उपरण्यात तोंड खुपसलं आणि ते सगळ्या गावादेखत रडले.