काकूच्या टाकीतलं पाणी

या सदरातल्या भुताखेतांच्या अनुभवांखाली सर्वांत खवचट प्रतिक्रिया लिहिणारी ती मीच. साताऱ्याला आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते... अंधश्रद्धा, हुंडा, धरणग्रस्त. त्यांवरच मी वाचायला शिकले. भूतबित मी आजही मानत नाही. हे लिहिताना मान खाली जाते, ती वेगळ्याच कारणाने.

२००६ चा नोव्हेंबर. मी लंडनला एमएस्सी करत होते, वेम्बलीत खोली घेऊन. काकू हॅरोला राहायची – एकटी. काका दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनी हौसेने एक मासा आणला होता, लाल शेपटीचा कॅटफिश. दुकानात तो बोटाएवढा होता. तो माणसाच्या कमरेला लागेल एवढा वाढतो, हे कुणी सांगितलं नाही. आता तो अडीच फुटांचा झाला होता आणि टाकी चार फुटांची. वळायचं तर अंगाची कमान करायची, मिशा काचेला घासत. त्या मिशांवरून काकू त्याला ‘दाजी’ म्हणायची. स्वतः शाकाहारी, पण “अहो दाजी, चला, जेवून घ्या” म्हणत चिमट्याने कोळंबी भरवायची.

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना म्हणाली, “पाच दिवस दाजींना सांभाळ गं. आणि त्यांना भाषणं देऊ नकोस.”

मी तेव्हा प्राणिमुक्तीच्या एका गटात होते. ‘काचेतला तुरुंग’ हे पत्रक मीच लिहून ईलिंग रोडवर वाटलं होतं. आणि रोज संध्याकाळी त्याच तुरुंगाला पाणी घालायला जायचं? गुरुवारी दुपारी गटातल्या निखिलला गाडी घेऊन बोलावलं. तो इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं.

“पण ही मासा ट्रॉपिकल आहे ना? कॅनॉलचा पाणी फ्रीझिंग असेल. कुणाला तरी विचार ना आधी.”

“तुरुंगातल्या उबेपेक्षा मोकळं पाणी बरं,” मी म्हणाले. निखिल गप्प झाला. माझ्यापुढे लोक गप्प व्हायचे, याचा मला अभिमान होता.

ऑल्पर्टनला, कॅनॉलवरच्या पुलाखाली, आम्ही प्लास्टिकचा खोका पाण्यात कलता केला. दाजी लगेच गेला नाही. काठाच्या विटांवर मिशा फिरवत मिनिटभर थांबला, मग खाली गेला. मी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी काकू घरी आली. मी सांगितलं, एका मोठ्या ॲक्वेरियमने नेला, तुझ्या हॉलएवढी टाकी आहे. ती रडली. “बरं केलंस गं. तो वळायला लागला की मी तोंड फिरवायची. मी किती जणांना फोन केले... सगळे म्हणतात जागा नाही. तू करून दाखवलंस.” मग तिने महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना एकेक करून फोन लावला – “माझ्या पुतणीने केलं!” मी शेजारी बसून चहा प्यायले.

रविवारी टाकी रिकामी करायला गेले, तर काचेला बाहेरून घाम सुटलेला. हीटर, फिल्टर गुरुवारीच बंद केले होते. हॉलमध्ये सेंट्रल हीटिंग – बावीस अंश. टाकीतलं थर्मामीटर सात दाखवत होतं. बिघडलं असेल म्हणून स्वयंपाकघरातलं आणलं. सात. अर्धी टाकी उपसून नळाचं गरम पाणी भरलं. तासाभरात पुन्हा सात.

सोमवारी तेच थर्मामीटर घेऊन ऑल्पर्टनला गेले, दोरीने पुलाखाली सोडलं. सात. मंगळवारी थंडी वाढली. कॅनॉल सहा. तिथून थेट हॅरोला गेले... टाकीही सहा.

काकू कुबड्या टेकत टाकीपाशी आली होती. तिने पाण्यात हात घातला आणि झटकन काढला. ‘कुणाला दिलास’ असं तिने विचारलंच नाही.

“कुठे सोडलंस गं त्याला?”

वादात मी कधी हरले नव्हते. पण वाद घालायला सुचलंच नाही. सगळं सांगितलं.

ती खुर्चीत बसली. “असल्या गार पाण्यात किती जगतो तो?”

एव्हाना मी वाचलं होतं. “एक-दोन दिवस. हळूहळू... हालचाल थांबते.”

काकूने बोटांवर वार मोजले. “म्हणजे मी सगळ्यांना फोन करत होते, तेव्हा होता.”

मी आरडाओरड्याची वाट पाहत होते, तो झालाच नाही. बुधवारी टाकीतलं पाणी खोलीइतकं कोमट होतं. मी ते बादल्यांनी उपसून टाकलं.

भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारलं, माशाचं नाव न घेता. ते म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल. दोन थर्मामीटर, तीन दिवस. आज दोन वर्षं झाली, मला अजून चूक सापडलेली नाही. निखिललाही नाही.

काकू माझ्याशी चांगलीच वागते. दिवाळीला डबा भरून देते. या उन्हाळ्यात ती महिनाभर पुण्याला गेली. परसातले टोमॅटो ऐन भरात होते, त्यांना रोज पाणी लागायचं. मी आता हॅरोतच, दोन गल्ल्या पलीकडे राहते. घराची किल्ली तिने शेजारच्या इंग्लिश बाईंकडे ठेवली होती.