ओसाडाची राखण
कांचन न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. नाशिकहून शिकायला आली ती इथलीच झाली. जीभ तिखट, पाय दणकट. नवरा नितीश दोन वर्षांपूर्वी अचानक गेला, तेव्हापासून जीभ आणखी तिखट झाली असं लोक म्हणत. लोकांचं काय, म्हणायला पैसे थोडेच पडतात!

दर उन्हाळ्यात ती रुआपेहू ज्वालामुखीच्या पलीकडच्या रंगिपो वाळवंटात जाई. राखाडी वाळू, काळे दगड, मधूनच खुरटं गवत आणि माणसाला ढकलून देणारा वारा. सगळी सरकारी राखीव जमीन. दुरून उडत आलेल्या पाइनच्या बिया तिथे रुजतात आणि रोपं वेळीच उपटली नाहीत तर वाळवंटाचं रान करून टाकतात. इथलं मूळचं गवत मग अंधारात मरतं. म्हणून स्वयंसेवक ओळीने चालत ती रोपं उपटतात आणि मुळं वर करून दगडावर वाळत टाकतात. या ओळीत तिला पहिल्यांदा नितीशनेच उभं केलं होतं. "झाडं मारून पुण्य कमावणारं जोडपं आपलंच," तो म्हणायचा.

हॅमिल्टनच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सुधाकरराव मात्र मोकळी जागा बघितली की अस्वस्थ व्हायचे. पुण्यात प्रत्येक टेकडीवर खड्डे खणून, झाडं लावून, फोटो काढून ते मोठे झाले होते. पुढच्या वर्षी त्यातली किती जगली हे बघायला जायची पद्धत नव्हती. परवानगीबिरवानगी त्यांना किरकोळ वाटे. मंडळाचा ट्रेक ठरला तेव्हा त्यांनी कांचनला वाट दाखवायला बोलावलं आणि वर हसून म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे हं!"

जेवणाच्या थांब्यावर पुढच्या ओढ्याचं पाणी बघायला ती एकटीच गेली. परत आली तर वाळूत पाइनची रांग उभी! कुणा ओळखीच्या नर्सरीवाल्याकडून फुकट आणलेली रोपं. 'हरित रंगिपो' असा बॅनर दोघांनी वाऱ्याशी झोंबत धरला होता. नारळही फुटला होता.

"कसलं भकास होतं हो हे," सुधाकरराव म्हणाले. "पाइनची ग्रोथ म्हणजे हीप्स, नुसती ढिगाने! दहा वर्षांत महाबळेश्वर करून दाखवतो."

"महाबळेश्वर हवं तर महाबळेश्वरला जा ना," कांचन म्हणाली आणि पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अहो, अहो! फोटो व्हायचेत अजून!"

फोटो! या माणसांना झाडही नको होतं, वाळवंटही नको होतं. झाडाशेजारी उभं राहायला जागा हवी होती. तिला किळस आली. ती खाली वाकून उपटत राहिली आणि मंडळ सँडविच हातात धरून बघत राहिलं.

रांगेच्या शेवटच्या रोपापुढे सुधाकरराव आडवे आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "हे राहू द्या, वहिनी. हे नितीशचं आहे."

रोपाला पाटी होती. नितीशचं नाव, दोन तारखा. खाली सुधाकररावांच्या पत्नीच्या, सुखदाच्या, सुबक अक्षरात 'इथे त्याची सावली राहील'.

कांचनचा हात थांबला. इतका वेळ चढलेला संताप उतरला आणि आत नुसतं दुखायला लागलं. या मूर्ख माणसांनी मनापासून केलं होतं, हेच तर वाईट होतं. हे एक राहिलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? बिघडणार होतं. याच्याच बिया उडणार होत्या.

"त्याला इथे सावली नको होती," ती म्हणाली.

तिने पाटी सोडवून खिशात ठेवली. रोप दोन्ही हातांनी धरलं, हुंदका आला तरी ओढलं, आणि इतर रोपांसारखंच मुळं वर करून दगडावर टाकलं.