सातव्या जागेवरचे नकार

आमच्या भोरच्या कॉलेजात सुलूताईंचा आवाज आला की पोरं सरळ बसतात. मी ग्रंथालयात कारकून आहे, माझ्यासमोर तीच पोरं टेबलावर पाय टाकतात. तेव्हा सुलूताईंचा मला थोडा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या उत्रोलीच्या. सकाळी गुरांचं आवरून स्कूटीवरून येतात आणि साडेनऊला संगणकाच्या प्रयोगशाळेत हजर; तिथल्या त्या तंत्रसाहाय्यक. तिथे भिंतीवर एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात. सगळ्या संगणकांच्या तारा तिच्यात येतात आणि तिच्यावर सुलूताईंचं राज्य चालतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्राचार्यांनी फर्मान काढलं, पोरं तासाला व्हिडिओ बघतात, बंद करा. सुलूताईंनी स्विचमध्ये एक यादी लिहिली. कुठल्या संगणकावरून कुठे जाऊ द्यायचं, कुठे नाही, अशी एकेक ओळ. स्विच ती वरून खाली वाचतो. जी ओळ आधी लागू पडेल ती पाळतो आणि पुढचं बघतही नाही.

"आमच्या मामंजींसारखा," सुलूताई म्हणाल्या. "पयलं जे ऐकलं त्येच खरं."

अडवलेल्या प्रत्येक खेपेची नोंदही तो ठेवतो. ते आकडे सुलूताई रोज चहाबरोबर मला ऐकवायच्या. दोन-तीन दिवसांत बाकीच्या संगणकांच्या जागा थंडावल्या. सातवी जागा मात्र रोज अकराच्या तासाला शेकड्यांनी नकार खात होती.

"लई चिवट कार्टं हाय," त्या म्हणाल्या. "उद्या धरतेच."

मीही बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

सातव्या जागेवर अश्लेषा होती. तिला ऐकू येत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक. सरांचं बोलणं तिच्या संगणकातून पुण्याला जायचं. तिथे शेफाली नावाची दुभाषी ते ऐकायची आणि खुणांच्या भाषेत पडद्यावर सांगायची. शेफालीचा कॉल सुलूताईंच्या बंदीत सापडला होता. आठ दिवस तो पडदा काळा होता. तरी पोरगी रोज अकराला कॉल लावायची, पुन्हा लावायची आणि शेवटी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

सुलूताईंचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून त्यांनी सातव्या जागेला परवानगी देणारी ओळ लिहिली. पडदा काळाच. घाईत ओळ यादीच्या तळाशी गेली होती, आणि स्विच वरच्या बंदीवरच थांबत होता. त्यांनी अख्खी यादी खोडली आणि ती ओळ सगळ्यात वर घेऊन पुन्हा लिहिली. पडद्यावर शेफालीचे हात हलू लागले. अश्लेषा खुर्ची पुढे घेऊन बसली.

तास संपल्यावर सुलूताईंनी कागदावर लिहून विचारलं, "आठ दिवस झाले. मला सांगितलं का नाहीस?"

अश्लेषानं खाली लिहिलं, "मला वाटलं, मॅडम, फक्त माझंच बंद केलंय."

सुलूताईंनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला आणि परत दिला. पोरीनं तक्रार केली नव्हती, रुसलीही नव्हती; आपल्या बाबतीत असं होतंच, एवढंच ती धरून चालली होती. मला स्वतःची लाज वाटली. त्या आठ दिवसांत ती रोज माझ्या टेबलावरून पुस्तक घेऊन गेली होती.

"तिचं वरीस माझ्यापायी जाया नगं," असं म्हणत सुलूताई सरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर ते आठही तास पुन्हा झाले. सर शिकवायचे, शेफाली सांगायची, अश्लेषा लिहायची. मागच्या बाकावर सुलूताई आणि मी बसायचो. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं.