ढगांतून उतरलेला पाहुणा

आकाशात कुणी वाट चुकलं असेल, तर त्याला सुखरूप खाली उतरवून घ्यायचं काम देवाने आपल्याकडेच सोपवलंय, अशी आमच्या शेवगावच्या मामांची पक्की खात्री आहे. हे माझ्या बायकोचे मामा. उभा जन्म कपाशी-तुरीच्या रानात गेला, विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण त्यांचे वडील महायुद्धात आसामातल्या विमानतळावर हमाल होते. हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या विमानांत ते पोती चढवत. नुकतं मिसरूड फुटलेले गोरे वैमानिक सकाळी हात हलवून ढगांत शिरत, आणि त्यांतले कितीतरी परत येत नसत. ना आवाज, ना धूर, ना मढं. वडिलांनी गावी परतल्यावर त्यांची नावं मामांना आपल्या वळणाने शिकवली : जिम्या, बिल्या, टाम्या. मामा ती अशी घेतात, की नवख्या पाहुण्याला वाटावं, मंडळी बाजार करायला नेवाशाला गेलीत, येतीलच आता.

घरामागच्या रानात मामांनी एक लांब पट्टा कधी पेरलाच नाही. कडेने चुन्याची रेघ, टोकाला बांबूवर मामींच्या जुन्या लुगड्यातून शिवलेली, फुगणारी बाही, वारा दाखवायला. शेजारीपाजारी त्या बाहीकडे बघून फवारणी करतात. मामी मात्र धुमसत असतात : "इमान काय उतरत न्हाई, निसती म्हसरं लोळत्यात!" वरून विमान गेलं की मामा मिक्सर बंद करायला लावतात. पुतणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं थांबवली, गुरुजी तोंड उघडं ठेवून, वऱ्हाड मुठीत अक्षता धरून उभं, आणि मामा मान वर करून म्हणाले, "जाऊ द्या त्याला फुडं." एकदा पितृपंधरवड्यात माझ्या बायकोने भाबडेपणाने विचारलं, त्या वैमानिकांच्या नावाने पान का वाढत नाही? मामांचा चेहरा उतरला. "पान वाढलं म्हंजी मेला म्हनायचं. कुनी बघितलंय का मेलेलं? यायची हायेत आजून."

गेल्या श्रावणात आम्ही मामांना भंडारदऱ्याला नेलं. गुडघ्यांमुळे मामी घरीच राहिल्या. मी गाडी चालवत होतो, शेजारी बायको, मागे मामा एकटेच. भर दुपारी धरणाच्या कडेने असं धुकं दाटलं, की बोनेटही दिसेना. एकाएकी मामा म्हणाले, "जावईबापू, गाडी थांबवा. इंजन बंद करा."

मग मलाही ऐकू आलं. जड, अडखळती घरघर, पाण्यावर गोल गोल फिरणारी. मी म्हटलं, "पंप असेल कुठला तरी." पण पंप डोक्यावरून जात नाही. मामा खाली उतरले आणि धोतराचा सोगा सावरत, हात हलवत ओरडू लागले, "हिकडं! हिकडं ये! डावीकडं डोंगर हाय, बाबा!" आवाज खाली खाली आला, इतका, की बायकोने डोकं गुडघ्यांत घातलं. गवताचं पातंही हललं नाही. आणि सगळं थांबलं.

मामांनी मागचं दुसरं दार उघडलं. "बस आत. भिऊ नगं." गाडी मागून जराशी दबली. मामा अजून बाहेरच होते.

मग ते दुसऱ्या बाजूने चढले, आणि मी गाडी थेट संगमनेरपर्यंत आणली. तिथे लख्ख ऊन होतं. सगळ्या काचा स्वच्छ. फक्त मामांच्या शेजारची, रिकाम्या जागेची काच आतून धुरकट. बायकोने हात मागे करून ती पुसली. ती पुन्हा हळूहळू धुरकटली, तळहाताएवढी, श्वासाने धुरकटते तशी. बायकोने आपली शाल त्या सीटवर ठेवली आणि पुढे तोंड करून बसली.

शेवगावला पोचलो तेव्हा मामी नेहमीप्रमाणे भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. मामा खाली मान घालून म्हणाले, "येकजन संगं आलाय." मला वाटलं, आता रणकंदन होणार. मामींनी उघड्या मागच्या दाराकडे पाहिलं, मग मामांच्या चेहऱ्याकडे. नवरा दार धरून उभा होता, कुणाला उतरायला आधार द्यावा तसा. त्यांनी आमच्यावरून तुकडा ओवाळला, आणि मग गाडीशी जाऊन त्या मोकळ्या हवेवरूनही सावकाश ओवाळला.

"लई गारठलाय," मामा म्हणाले.

"गारठनारच की. कुनाचं तरी लेकरू हाय," मामी म्हणाल्या, आणि चुलीवर पाणी ठेवायला आत वळल्या. जाताना उंबऱ्यापाशी अंग चोरून थोडा वेळ थांबल्या, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशा.