नजीरमामांचं पाणी

मी नांदेडला भावाकडं गेले होते. सकाळचा चहा हातात होता आणि मामींचा फोन आला. "पोरी, तुझे मामा गेले..." एवढंच बोलल्या. लातूरला पोचेपर्यंत दफनविधी उरकला होता. त्याला आता महिना होऊन गेला.

नजीरमामा आमचे शेजारी, दोन घरं सोडून. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्यात त्यांची हयात गेली. माझी त्यांची खरी ओळख झाली ती माशांमुळं. नव्या घरासाठी भावानं काचेची टाकी आणि सहा गप्पी मासे दिले होते. लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तरी मी हौसेनं रोज सगळं पाणी बदलायची आणि फिल्टरचा स्पंज साबणानं स्वच्छ धुवायची. चार दिवसांत तीन मासे मेले. मामांकडंही माशांची टाकी आहे हे ऐकून होते, म्हणून रडवेली होऊन त्यांना बोलावलं.

त्यांनी पांढराशुभ्र स्पंज हातात घेतला अन् विचारलं, "दही संपलं की विरजण ठेवतीस का न्हाई?"

"ठेवते की."

"मग हे बी विरजणच हाय. माशांच्या घाणीतलं विष खाणारे बारीक जीव ह्या स्पंजात राहतात. तू रोज त्यांनाच मारून राहिलीस!"

मग घरी जाऊन आपल्या टाकीतला जुना, बुळबुळीत स्पंज त्यांनी आणला आणि माझ्या टाकीत सोडला. आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं. नवं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवायचं, म्हणजे नळाच्या औषधाचा वास उडतो. स्पंज पिळायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यातच. खाणं चिमूटभर. "भुकेनं मेलेला मासा मी बघितला न्हाई, खाऊन मेलेले लई बघितले," असं म्हणून ते हसले. माझे उरलेले तीन मासे जगले, आणि दोन महिन्यांत टाकीत पिल्लंही दिसू लागली.

मग तो टँकरचा उन्हाळा आला. रांगेत उभी होते, तर शेजारच्या सुमनताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माणसाला प्यायला न्हाई अन् ह्यांचे मासे पोहून राहिले." ते लई लागलं मला. तशीच मामांकडं गेले आणि म्हणाले, मासे देऊन टाकते कुणाला तरी.

"आठवड्याला बादलीभर पाणी लागतं आपल्याला. ते बी शेवटी झाडांनाच जातं," ते म्हणाले.

"तरी पण मामा... सुमनताईंच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे."

आठ दिवसांनी भर दुपारी मी मामींची वाटी परत द्यायला गेले, तर बैठक भट्टीसारखी तापलेली. कूलर कोरडा. मामा डोक्यावर ओला पंचा टाकून निवांत बसलेले. मामी मात्र करवादल्या, "म्हातारपणी खूळ! म्हणे कूलर एका दिवसात पितो तेवढं पाणी माशांना महिनाभर पुरतं. तो बंद केला, अन् वाचलेलं पाणी रोज सुमनकडं नेऊन देतात. बाळंतिणीला म्हणून."

"अगं, घाम बी पाणीच हाय की, अंगावरचा कूलर," मामा म्हणाले. मामींनाही हसू आलं.

त्यांनी ही गोष्ट रांगेत कधी काढली नाही. सुमनताईंनीच एक दिवस ती सगळ्यांदेखत काढली. पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्या तान्ह्या नातवाला छातीशी धरून मामांकडं आल्या आणि बराच वेळ त्याला मासे दाखवत उभ्या राहिल्या. मामांनी तेव्हा त्यांच्यासाठी स्वतः चहा टाकला...

आता दर रविवारी मी मामांच्या टाकीचं पाणी बदलायला जाते. मामींनी इतकी वर्षं त्या टाकीत बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. मागच्या रविवारी गेले, तर त्यांनी आपली खाट स्वयंपाकघराजवळून हलवून बैठकीत आणलेली, अगदी टाकीला लागून.

"इथं का, मामी?"

"ह्या हवेच्या पंपाची गुरगुर चालू असली की झोप लागती बघ," त्या म्हणाल्या. "परवा लाइट गेली, पंप बंद पडला, तर घर लई मोठं वाटलं."

मग थोडं सरकून त्यांनी मला खाटेवर जागा करून दिली. पाणी बदलून झालं होतं. तरी मी बसले.